खुर्चीच्या हातांवरची फळी

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, लहान मुलांना केस कापायला बसवताना खुर्चीच्या दोन हातांवर जी आडवी टाकतात, ती मी. आत्मवृत्त सांगावे इतकी मी कोणी मोठी नाही. आठवेल तसे सांगते.

एका सुताराने मला मोडक्या दारातून कापून काढले. मुलांच्या मांड्यांना टोचू नये म्हणून माझ्या कडा घासून गोल केल्या. केस कापण्याच्या दुकानाच्या मालकांनी वर रेक्झिन ठोकले. मग शेकडो पोरे माझ्यावर बसून रडली. "हलू नकोस, नाहीतर कान पिशवीत घालून देईन," असे मालक म्हणत आणि रडणारे पोर हसू लागे. माझे कौतुक मात्र एकाच मुलीने केले.

ती दीड वर्षाची असताना तिची आई मालकांशी लग्न करून आली. जन्मदाता त्याआधीच निघून गेला होता. पहिल्या दिवशी ती माझ्यावर बसून इतकी किंचाळली, की मालकांनी तिचे नाव टिटवी ठेवले. तापात तिला खांद्यावर घेऊन तेच फिरले. शाळेत पोचवायलाही तेच जात. शाळा सुटली की ती माझ्यावर चढून पाढे म्हणे.

दाढीला येणारे एक निवृत्त कारकून दर महिन्याला सांगत, "अहो, दत्तकाचा कागद करून टाका."

मालक त्यांच्या गालाला फेस लावत हसत. "काका, आपल्याच पोरीला दत्तक कोण घेतं?"

टिटवी नऊ वर्षांची झाली आणि नवरा-बायकोचे फाटले. चूक कोणाची, ते मला ठाऊक नाही. भांडणे घरी होत आणि मी दुकानात असे. मुलीला दर रविवारी भेटू द्यावे, एवढाच मालकांचा अर्ज होता. कोर्टातून आले ते बाकावर बसून राहिले.

"काय झालं?" कारकूनकाकांनी विचारले.

"विचारलं, तुम्ही मुलीचे कोण? म्हटलं, बाप. म्हणाले, कागद दाखवा."

"मग?"

"मग काय! अर्ज फेटाळला. ज्यानं इतक्या वर्षांत तोंड दाखवलं नाही, त्याचं नाव दाखल्यावर. माझं कुठंच नाही. तिची आई म्हणाली, तिची सवय मोडायला हवी. मी म्हणजे सवय, काका."



मायलेकींनी गाव सोडण्याआधी टिटवीने हट्ट धरला, म्हणून आई तिला केस कापायला एकदाच घेऊन आली. उंची वाढली होती, तरी ती माझ्यावरच बसली. हळूच म्हणाली, "बाबा, अर्धेच कापा. उरलेले पुढच्या रविवारी."

मालकांची कात्री थांबली.

"पूर्ण कापा," आई दारातून म्हणाली.

मालकांनी पूर्ण कापले. दोन्ही बाजू सारख्या आल्या का, ते दोनदा पाहिले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. लाकूड आहे, कुठेही पडून राहीन. पण तुमच्या घरी असा बाबा असेल, तर आईच्या मागे लागा आणि त्याचा कागद करून घ्या. तो हसेल. हसू द्या, पण सही घ्या.