मागून म्हणणारा

चष्मेवाल्याचा देवावर राग नव्हता; राग यायला देव आहे असं तरी वाटायला हवं. राग होता तो रोज संध्याकाळी घरात भरणाऱ्या रोझरीवर, मरियामातेच्या जपावर. दिवसभर लोकांच्या नाकांची मापं घेऊन वैतागलेला हा गृहस्थ घरी यावा, तर बाहेरच्या खोलीत बायको जपमाळ घेऊन बसलेली आणि समोर शेजारच्या चारपाच बायका. "झालं सुरू गुऱ्हाळ!" असं त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणून तो आत जाई आणि पेपर तोंडापुढे धरी. तेच ते रोज ऐकून ज्याला कंटाळा येत नाही तो देव एकतर बहिरा असणार, नाहीतर बिनकामाचा, हे त्याचं ठाम मत. ते तो पाद्रीबाबांनाही तोंडावर सुनावून आला होता आणि वर त्याचीच फुशारकी मारत होता.

बायको वाद घालत नसे. "तुमच्या पेपरात तरी रोज काय नवीन असतं?" एवढंच म्हणे. लग्नानंतर एकदा तिनं त्याला बोलावलं होतं, "अहो, मी पुढून म्हणते, तुम्ही नुसतं मागून उत्तर द्या." उत्तरात 'आम्हा पाप्यांसाठी' असं येतं म्हटल्यावर हा हसला होता. "पापी असतील त्यांनी म्हणावं. मी चष्मे विकतो." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. तिची जरब होती ती समोरच्या बायकांवर. कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं की भुवया वर जात आणि आवाज येई, "मोठ्यानं!"

एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून पडला आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवा हात लुळा, तोंड किंचित वाकडं. समजत सगळं होतं, शब्द मात्र एकही निघत नव्हता. बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊन चित्रं दाखवत. किल्ली, बूट, कप. बायको चित्राकडे बघे, मग नवऱ्याकडे, मग भिंतीकडे तोंड फिरवी. चष्मेवाल्याला या बाईही थोतांडच वाटल्या.

"काका, काकूंना काय तोंडपाठ आहे?" जाता जाता बाईंनी विचारलं. "शब्द सुचत नसले, तरी पाठ असलेलं कधीकधी आपोआप बाहेर पडतं. पाढे, गाणं, काहीही चालेल. पण उशीर नका करू. रोज गप्प राहिलं की माणूस प्रयत्नच सोडून देतं."

त्यानं पाढे म्हटले. बेसूर गाणी म्हटली. पालथ्या घड्यावर पाणी. ही अशीच मुकी मरणार, ही भीती त्याला सोडेना. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती त्याच्या जिवावर आली होती.

त्यानं दार लावलं, खिडकी लावली, चोरासारखा पलंगाशी बसला.

"नमो मरिये, कृपापूर्णे..." इतकी वर्षं पेपराआडून ऐकलेलं घडाघडा आलं. पुढून म्हणायचा भाग जिथे संपतो त्या 'येशू'पर्यंत येऊन तो थांबला. आता उत्तर हिनं द्यायचं. ती गप्प. पुन्हा म्हटलं. गप्पच.

"बघ!" तो उसळला. "एवढी वर्षं या मरियेची हुजरेगिरी केलीस, आणि गरजेला एक शब्द नाही!"

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती, रडू नव्हतं. होती ती निव्वळ तुच्छता. त्याच्या हुशारीची आयुष्यभर एवढी किंमत कुणी केली नव्हती. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. अरे गाढवा, हिनं कधी उत्तर दिलंय? ही कायम पुढून म्हणत आली. तिची जागा तूच बळकावून बसलास, मग ती बोलणार काय?

राहिली होती ती मागून म्हणणाऱ्याची जागा. त्यानं मान खाली घातली.

"पवित्र मरिये, देवाच्या माते," तो कसाबसा पुटपुटला, "आम्हा... पाप्यांसाठी, आता व आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. आमेन."



"न... नमो," पलंगावरून जाड, अडखळता आवाज आला. "नमो मरिये..."

शब्द वाकडे येत होते, पण येत होते. 'येशू'पाशी ती थांबली आणि वाट बघू लागली.  चष्मेवाल्यानं चष्मा काढून डोळे पुसले आणि मिशीतल्या मिशीत उत्तर पुटपुटला.

बायकोच्या भुवया वर गेल्या. ओठ थरथरले, जीभ अडली, पुन्हा जोर लावला.

"मो... मोठ्यानं!"

तिचा आवाज ऐकून दाराबाहेर शेजारणी जमल्या होत्या, त्यांची कुजबुज आत येत होती. चष्मेवाल्यानं दाराकडे पाहिलं, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी..."