चौथं जाकीट

"चाळीस मिनिटं झाली," घड्याळाकडे बघत रामनाथ म्हणाले. "अजून वीस."

अकलोलीच्या खालच्या अंगाला तानसा नदीचा डोह आहे. त्यात चार जाकिटं तरंगत होती. प्रत्येकाखाली वाण्याकडून आणलेलं पाच किलोचं लोखंडी वजन लटकत होतं. तालुक्याहून आलेले तपासनीस रामनाथ खडकावर बसले होते, मांडीवर परवान्याचे कागद. होडीवाला चिंधू गुडघाभर पाण्यात उभा होता आणि काठावर त्याची बायको मैना.

वीस वर्षं चिंधू हौशी गळवाल्यांना डोहात नेत होता. भिवंडीचे लूमवाले, शाळामास्तर, कधी मुंबईचे पाहुणे. मरळ मासळी कुठल्या कपारीत बसते हे त्याला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्यांचं घर चालत होतं. गेल्या पावसाळ्यात वरच्या अंगाला कुणाची तरी होडी उलटून दोघं बुडाले, तेव्हापासून परवाना लागू झाला. होडीवाल्याला पोहता आलं पाहिजे, होडी गळकी नको, माणशी एक तरंगणारं जाकीट हवं. जाकीट घरी शिवलेलं चालेल, पण आत सावरीचाच कापूस हवा आणि वजन लटकवून ते तासभर तरंगलं पाहिजे. तपासणी होईपर्यंत जाकिटं घालून माणसं न्यायला मुभा होती.

सकाळी चिंधूने डोह दोनदा पोहून दाखवला होता. रामनाथ हसून म्हणाले होते की आता उरलं फक्त बाईंचं शिवणकाम.

"सायेब," चिंधू म्हणाला, "त्या कडंचं बघा."

कडेचं जाकीट तिरकं झालं होतं. घाईने नाही, झोप आलेल्या माणसाची मान कलावी तसं. मग त्याच्या खांद्यावरून पाणी गेलं आणि डोहावर तीनच जाकिटं उरली.

मैनाला वाटलं, गाठ सुटली असेल. पण चिंधूने बुडी मारून ते वर आणलं तेव्हा वजन गाठीला तसंच होतं. ओलं जाकीट त्याला दोन्ही हातांनी उचलावं लागलं.

आत काय भरलंय, असं रामनाथांनी विचारलं. मैना म्हणाली, सावरीच. यंदा झाडांखाली वेचलेली सावरी तीन जाकिटांनाच पुरली होती. चौथ्यात तिने लग्नात आंदण आलेल्या दोन लहान उशा घातल्या होत्या, एक छातीला, एक पाठीला. उशा उसवल्या मात्र नव्हत्या. आईच्या हातची शिवण, बारीक आणि सरळ. ती तिला मोडवली नव्हती.

रामनाथांनी चाकूने एक उशी फाडली. वर पसाभर सावरी होती, चकचकीत, अजून जवळजवळ कोरडी. तिच्याखाली सुताचा गुंता. लाल, हिरवा, निळा. लूमखाली पडतो तो.

"सावरीचा धागा आतून पोकळ असतो, त्याला पाणी चढत नाही," रामनाथ हळू आवाजात म्हणाले. "हे सूत पाणी पितं. सावकाश पितं, म्हणून आधी तरंगतं."

मैनाने तो गुंता हातात घेतला. तिची आई गुणाबाई भिवंडीत निजामपुऱ्यातल्या लूमच्या कारखान्यात झाडलोट करायची. लग्नाच्या मांडवात सासरच्यांसमोर तिने उशा पुढे केल्या होत्या आणि मोठ्याने सांगितलं होतं, सगळी सावरी हाय. पंचवीस वर्षं मैना त्यांच्यावर झोपली होती. थोड्या जड लागायच्या, एवढंच.

रामनाथांनी पेन उघडलं. लिहिण्याआधी चिंधूकडे पाहिलं.

"हे घालून कुणाला नेलं होतं का? नेलं असेल तर वर्षभर परवाना नाही, तसा नियमच आहे. नसेल तर दुसरं शिवा, मी पंधरा दिवसांनी येतो."

चिंधू पाण्याकडे बघत राहिला. रामनाथांनी घाई केली नाही. बराच वेळ गेल्यावर त्यांनी स्वतःच म्हटलं, "नवीनच दिसतंय तसं."

"नेलं व्हतं," मैना म्हणाली.

चिंधूने मान वर केली. "मैने."

"गेल्या आयतवारी. केसरीनाथ मास्तर. त्यांना पोहाया येत न्हाय. घालाया नको म्हनत व्हते. मीच नाड्या बांधल्या. बोलले, मास्तर, माझ्या आयच्या हातचा कापूस हाय, ह्यो बुडायचा न्हाय."

रामनाथांनी लिहिलं. चिंधूने अंगठा उठवला.

घरी जाताना चिंधू एकदाच म्हणाला, सायेब इचारत नव्हता गो, सोडत व्हता. मैना म्हणाली, कळलं मना.

रविवारी केसरीनाथ मास्तर पहिल्या एसटीने आले. हातात गळाची काठी, डब्यात गांडुळं. होडी काठावर पालथी बघून त्यांनी थट्टेने विचारलं, की आज मरळींना सुट्टी का. चिंधू पुढे होईना. मग मैनाने सांगितलं. सगळं सांगितलं, सुताचे रंगसुद्धा.

मास्तरांनी ऐकून घेतलं. गेल्या रविवारी आपण डोहाच्या मध्यावर किती वेळ होतो, असं त्यांनी चिंधूला विचारलं.

"दोन तास, मास्तर."

मास्तरांनी मान हलवली. रागावले नाहीत. काठी हातात तशीच धरून ते पाण्याच्या कडेपासून एक पाऊल मागे सरले, मग आणखी एक.