वाऱ्याचा इशारा

मोहिनीचं त्या नव्या एडिटरशी पहिल्या दिवसापासून जमलं नव्हतं.

एडिटर म्हणजे प्रोग्रामर ज्यात कोड लिहितात ते सॉफ्टवेअर. दिवसभर हात त्यातच. जळगावला रिंग रोडवर पुनीतभाऊंची कंपनी होती. घरचा धंदा कापडाचा, पण पुनीतभाऊंनी केळीवाल्यांसाठी मोबाईल अ‍ॅप काढलं आणि ते चांगलं चाललं. फैजपूर, यावल, रावेरकडचे शेतकरी सकाळी उठून त्यात भाव बघत, हवामान बघत. ते अ‍ॅप बहुतेक मोहिनीच्या हातचं होतं. ती मूळची शिरपूरची. कॉलेज संपल्यावर इथे नोकरीला लागली ती इथलीच झाली.

जुना एडिटर साधा होता, फुकटचा होता आणि निमूट होता. मार्चमध्ये पुनीतभाऊंनी एका बड्या परदेशी कंपनीचा एडिटर घेतला आणि जुना सगळ्यांच्या मशीनवरून काढून टाकायला लावला. नवा फार हुशार होता. मोहिनीनं अर्धा शब्द लिहिला की उरलेला तो आपल्या मनानं लिहायचा, आणि तो हटकून चुकीचा निघायचा. मराठी ओळीत कर्सर दिसायचा एका अक्षरावर आणि खोडायचा भलतंच. मात्रा खोडायला जावं तर आख्खं जोडाक्षर गायब. गावांच्या नावांखाली तो लाल रेघा मारायचा, जणू एरंडोल नावाचं गाव असूच शकत नाही.

"काय करी ऱ्हायना रे तू?" ती स्क्रीनवर खेकसायची. चिडली की तिला अहिराणीच सुचायची.

शेजारच्या टेबलावरचा कुंदन हसायचा. "सवय होईल गं."

"मी का सवय करून घेऊ? सवय त्यानं करून घ्यावी."

मे महिन्यात एका दुपारी फैजपूरकडे वावटळीसारखा वारा आला. केळीच्या झाडाला लाकूड नसतं. घड भरलेला असला की जोराच्या वाऱ्यात ते सरळ आडवं होतं. असा वारा येणार असला की अ‍ॅपवरून शेतकऱ्यांच्या मोबाईलवर इशारा जायचा, मोठ्या आवाजात भोंगा वाजायचा आणि लोक धावत जाऊन झाडांना बांबू लावायचे, दोऱ्या ताणायचे. त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फैजपूरच्या तोतारामनानांचा फोन आला. अ‍ॅप नवीन होतं तेव्हा सगळ्यात आधी त्यांनीच ते घेतलं होतं आणि गावभर सांगितलं होतं.

"काहो बाई, तुमचं यंत्र मुकं झालं का?" नानांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तर मोहिनीला जास्त लागलं. "बांबू घरात पडेल व्हते. गडीमाणसं व्हती. तुम्ही सांगतान म्हनून आम्ही बिनघोर बसलो. आता अर्धा बाग झोपला."

तिनं "बघते नाना, कळवते" एवढंच म्हटलं.

पुनीतभाऊंनी तोवर नोंदी काढून पाहिल्या होत्या. इशाऱ्यांच्या फाईलमध्ये शेवटचा बदल मोहिनीच्या नावावर होता, वाऱ्याच्या आदल्याच आठवड्यातला. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"सगळ्यांना मेसेज टाकावा लागेल," ते म्हणाले. "आमच्या प्रोग्रामरच्या चुकीमुळे इशारा गेला नाही, दिलगीर आहोत. तुझं नाव टाकत नाही, काळजी करू नकोस."

"नाव टाकू नका कशाला? माझी चूक असली तर नावासकट टाका. पण मी त्या फाईलमध्ये फक्त भावाचा रकाना बदलला होता. वाऱ्याला हात लावलेला नाही."

"नोंद तर तुझ्याच नावावर आहे."

"नोंद काहीही म्हणू दे. काय झालंय ते कळल्याशिवाय हा मेसेज जाणार नाही."

"मोहिनी, मालक मी आहे."

"हो भाऊ. पण मेसेज पाठवायचा कोड मी लिहिलाय, आणि तो मी पाठवणार नाही."

असं बोलून ती बाहेर आली. तिनं माठातलं पाणी घेतलं आणि जागेवर बसली. जुन्या फाईलची प्रत आणि नवी फाईल शेजारी शेजारी उघडली आणि ओळ ओळ वाचत सुटली. जेवायची वेळ झाली, कुंदननं तिचा डबा तिच्यासमोर आणून ठेवला, तरी तिनं मान वर केली नाही.

मग तिला ते दिसलं. जुन्या फाईलमध्ये 'वाऱ्याचा इशारा' असं होतं. नव्या फाईलमध्ये 'वार्याचा इशारा'. ऱ्या मोडून त्याचा रफार झाला होता. बारीक अक्षरात पटकन ध्यानातही येऊ नये. हवामान खात्याकडून येणाऱ्या माहितीत शब्द बरोबर होता, कोडमधला मोडलेला, त्यामुळे दोघांची गाठच पडली नव्हती आणि भोंगा गप्प राहिला होता.

तिनं शब्द पुन्हा नीट लिहिला आणि फाईल सेव्ह केली. तिच्या डोळ्यांदेखत ऱ्या मोडला. पुन्हा लिहिला. पुन्हा मोडला.

"कुंदन, इकडे ये. आणि भाऊंनाही बोलव."

दोघं मागे उभे राहिले. तिनं करून दाखवलं. तो वळणदार र लिहिताना संगणक शब्दात एक न दिसणारी खूण ठेवतो. नव्या एडिटरला ती खूण म्हणजे कचरा वाटत होती. फाईल सेव्ह केली की तो आख्खी फाईल झाडून काढायचा, कोणाला न विचारता, न सांगता.

"शब्दाला शब्द ताडून बघायचं हे कच्चं काम होतं," मोहिनी म्हणाली. "ते मी आजच आकड्यांवर नेते, प्रत्येक इशाऱ्याला एक आकडा. इशारा परत अडकणार नाही. पण शेतकऱ्याच्या मोबाईलवर मोडकंच मराठी जाणार. शेतकऱ्यांचंसुद्धा 'शेतकर्यांना' होतंय बघा."

पुनीतभाऊ मान डोलावत राहिले. मग म्हणाले, "लोकांना कळलं म्हणजे झालं ना? नाहीतर मेसेज इंग्रजी अक्षरांत टाकू."

"नानांना इंग्रजी अक्षरांत?"

पुनीतभाऊ केबिनकडे वळले. त्या दिलगिरीच्या मेसेजचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही.

मोहिनीनं एडिटरच्या कंपनीकडे तक्रार टाकली. उत्तर तत्परतेनं आलं. ही सफाई सुरक्षेसाठी आहे, ती बंद करता येत नाही, तुमची अडचण फार थोड्या ग्राहकांना येते, कोडमध्ये शक्यतो इंग्रजी वापरावं. खाली हसरा चेहरा आणि 'तक्रार बंद' असा शिक्का.

पुढच्या आठवड्यात त्याच कंपनीचा माणूस पुण्याहून नव्या सोयी शिकवायला आला. गोऱ्हे नाव त्याचं. तरुण, इस्त्रीचा शर्ट, जळगावच्या उन्हानं बेजार झालेला. मोहिनीनंच त्याला ताक आणून दिलं. मग मोठ्या स्क्रीनवर तो एकेक सोय दाखवू लागला. तासाभरानं त्यानं विचारलं, "काही शंका?"

"सर, मराठीत तुमचं नाव लिहून दाखवा," मोहिनी म्हणाली.

त्यानं लिहिलं. गोऱ्हे.

"आता सेव्ह करा."

मोठ्या स्क्रीनवर त्याचं गोर्हे झालं. खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं. तो आधी हसला, मग त्यानं पुन्हा लिहिलं, पुन्हा सेव्ह केलं आणि स्क्रीनजवळ जाऊन अक्षरं निरखली.

"आमच्या आडनावाचं हे असं... मला कोणी सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं. तुमच्या कंपनीनं तक्रार बंद केली."

"त्यांचं म्हणणं असतं, मोजक्याच लोकांना..."

"मोजके कोण? तुम्ही, मी, फैजपूरचे नाना?" मोहिनी उभी राहिली. ती पुनीतभाऊंकडे वळली. "भाऊ, सगळ्यांसमोर सांगते. उद्यापासून मी माझ्या जुन्या एडिटरमध्ये काम करणार. हा नको. माझी भाषा मोडणारं हत्यार मी हातात धरणार नाही. चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी सामान आवरते."

पुनीतभाऊंनी गोऱ्ह्यांकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"जबाबदारी तुझी," ते म्हणाले. "तसं लिहून दे."

"देते. आणि वाऱ्याचा घोटाळा माझा नव्हता, हे तुम्ही लिहून द्या. नानांनाही तुम्हीच सांगा."

पुनीतभाऊंचा चेहरा लाल झाला. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, फैजपूरला लावला. "नाना, पुनीत बोलतोय. त्या दिवशी आमची पोरगी चुकली नव्हती. आम्ही आणलेल्या सॉफ्टवेअरनं शब्द खाल्ला. आणलं मी होतं." पलीकडून नाना बराच वेळ बोलत राहिले. पुनीतभाऊ नुसतं "हो नाना, हो नाना" म्हणत होते. ते बोलणं गोड नसावं.

दुसऱ्या दिवशी कुंदननंही जुना एडिटर पुन्हा चढवला. मग आणखी दोघांनी. नवा एडिटर वर्षभरासाठी घेतलेला होता, तो इंग्रजी कामापुरता उरला.

गोऱ्हे पुण्याला गेला आणि त्यानं वर कळवलं असावं, कारण मोहिनीला कंपनीकडून पुन्हा पत्र आलं. आम्ही आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, सध्या बदलाचा विचार नाही. तक्रार पुन्हा बंद.

मोहिनीनं ती पुन्हा उघडली. आधीच्या वेळी तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, मोजूनमापून, त्यांना समजेल असं. या वेळी तिनं मराठीत लिहायला घेतलं. वाऱ्याचा, दऱ्यांचा, शेतकऱ्यांचा, बऱ्हाणपूरचा, जेवढे वळणदार र आठवले तेवढे घातले. कुंदननं खाली आपलं नाव लिहिलं. मग त्यानं फोनवरून आणखी चौघांना उठवलं, धुळ्याचे दोघं आणि नाशिकचे दोघं, आणि त्यांचीही नावं आली. संध्याकाळी शेवटचं नाव आलं ते गोऱ्ह्याचं.

"आता भाषांतर करून वाचू देत," मोहिनी म्हणाली आणि पाठवायचं बटण दाबलं.