चष्मेवाल्याच्या घरातली औषधाची नळी

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. पाण्याची नव्हे, औषधाची. डॉक्टर मला स्पेसर म्हणतात, आजी भोंगा म्हणते, आणि जिच्यासाठी मी या घरात आले ती भिंगरी मला नुसतं 'फूं' म्हणते. मी वीतभर लांब आहे, आरपार दिसणारी आणि पोटाशी जरा फुगीर. एका टोकाला मऊ मुखवटा आहे, तो नाकातोंडावर बसतो. दुसऱ्या टोकाला भोक आहे, तिथे औषधाचा पंप बसतो. मध्ये पापणीएवढी पातळ झडप आहे. मूल श्वास घेतं तेव्हा ती उघडते आणि 'टिक्' असा आवाज येतो. एवढा एकच शब्द मला येतो. बाकी मी मुकी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडले, तेव्हा हातमोजे घातलेल्या एका बाईने मला दिव्यासमोर धरलं, झडप बोटाने हलवून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "ही नीट बघत जा गं. कुणाचं तरी लेकरू ह्यातून श्वास घेणार." मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मग मी खोक्यात गेले, खोकं गाडीत गेलं, आणि एके दिवशी दवाखान्याजवळच्या औषधाच्या दुकानात एका तरुण आईच्या हाती पडले.

तिच्या कडेवर भिंगरी होती. तीन वर्षांची. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून आजीने ठेवलेलं हे नाव. पण त्या दिवशी ती आईच्या खांद्यावर मान टाकून होती आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

डॉक्टरांनी आईला बजावून सांगितलं होतं, "दम लागल्यावर द्यायचा पंप वेगळा. हा दुसरा रोजचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. खोकला नसला तरी द्यायचा, ती खेळत असली तरी द्यायचा. आपण दात काय किडल्यावर घासायला लागतो का? तसंच हे. गुण हळूहळू येईल, पण खंड पाडू नका."

आईने खंड पाडला नाही. हे मी शपथेवर सांगेन. एक दिवस नाही, एक वेळ नाही.

पहिले आठ दिवस मात्र तिच्या नाकी नऊ आले. मुखवटा दिसला की भिंगरी पलंगाखाली. पाय धरून ओढावी तर घर डोक्यावर घ्यायची. आजी दारातून म्हणायची, "अगं, तोंड दाबून औषध देतात का कुठे? आमच्या वेळी मुलं खोकत खोकतच मोठी झाली."

"आणि जी झाली नाहीत, त्यांचं काय आई?" भिंगरीची आई विचारायची. त्यावर आजी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात ठेवायची.

शेवटी बाबांनी युक्ती केली. बाबा चष्मेवाले. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. त्यांनी काचा नसलेली एक लाल फ्रेम भिंगरीच्या डोळ्यांवर चढवली आणि म्हणाले, "चला पायलटताई, विमान सुटतंय. मुखवटा लावा, पाच ढग गिळा." आई पंप हलवायची, भोकात बसवायची, दाबायची. माझ्या पोटात औषधाचं धुकं भरायचं. टिक्, टिक्, टिक्. पाच ढग झाले की चूळ भरायची आणि विमान उतरायचं. मग भिंगरी स्वतःच मला घेऊन यायची, "फूं आणलं!" म्हणत. काय सांगू, त्या दिवसांत मला माझाच हेवा वाटायचा.

आणि इथेच चूक झाली. ती कुणी हेळसांड केली म्हणून झाली नाही. ती जपण्यातून झाली.

आई म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसलेली बाई. पदवीपर्यंत शिकलेली, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी. त्या कागदावर छापलं होतं, 'धुऊन हवेवर वाळू द्या.' का, ते छापलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिने मला खिडकीशी उभं करून वाळवलं. पण वाळल्यावर माझ्या अंगावर पाण्याचे पांढरे ठिपके राहिले, आणि खाली रस्त्यावर गाड्यांची ये-जा. तिने मला उजेडात धरून पाहिलं आणि तिचा जीव खालीवर झाला. धुळीनेच तर पोरीला दम लागतो! मग धूळ बसेल अशा जागी औषधाची नळी उघडी ठेवायची?

शिवाय ते घर पडलं चष्मेवाल्याचं. तिथे काचेवर डाग चालत नाही. घरभर बाबांची चष्मे पुसायची मऊ फडकी. आरसा त्यांनीच पुसायचा, घड्याळ त्यांनीच, आजीच्या खोलीतली तसबीरही त्यांनीच. तेव्हापासून आईने मला रोज धुतलं आणि रोज त्या फडक्याने आतून-बाहेरून कोरडं पुसलं, अगदी चकचकीत होईपर्यंत. बाबा कौतुकाने म्हणाले, "माझ्या दुकानातल्या काचा अशा पुसायला कुणी मिळालं तर बरं होईल."

मित्रांनो, तुम्ही कधी फुगा केसांवर घासून भिंतीला लावला आहे का? तो चिकटून बसतो. कोरड्या फडक्याने घासलं की माझ्या अंगात तशीच खेच येते. औषधाचं धुकं पोटात भरलं की त्यातलं बरंचसं मीच ओढून घेते. ते माझ्याच भिंतींना चिकटतं. झडप उघडते, टिक् वाजतं, भिंगरी पाच ढग गिळते, आणि तिच्या छातीत जातं ते थोडंसंच.

मला हे पहिल्याच दिवशी कळलं. अंगाला औषध चिकटल्याचं कुणाला कळणार नाही? मी सांगायचा प्रयत्न केला. पण मला एकच शब्द येतो, टिक्. तो ऐकून आईला वाटायचं, सगळं ठीक चाललं आहे. ती मोजायची, "चार, पाच. शहाणी माझी बाय ती!" आणि मला धुवायला न्यायची. धुताना तेच औषध मोरीतून वाहून जायचं.

असे तीन महिने गेले. भिंगरीचा पहाटेचा खोकला थांबला नाही. जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, "विमानाचं पेट्रोल संपलं." सगळे हसायचे. आई हसायची नाही. तिने कॅलेंडरवर औषधाच्या प्रत्येक वेळेला एक टिंब केलं होतं. ती टिंबं ती पुन्हा पुन्हा बोटाने तपासायची, कुठे एखादं राहिलं का म्हणून. एकही राहिलं नव्हतं. राहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. निदान कारण तरी सापडलं असतं.

एके दुपारी बालवाडीच्या बाईंचा फोन आला. आई चपला न घालताच धावली. मी तिच्या पिशवीत होते, पुसलेली, चकचकीत. भिंगरी भिंतीला टेकून बसली होती, खांदे वर-खाली होत होते, गळ्याशी खड्डा पडत होता. आईने दम लागल्यावरचा पंप लावला. धुकं आलं. मी ते ओढून घेऊ नये म्हणून जिवाचा आकांत केला, पण प्लास्टिकच्या जिवाचं कोण ऐकतं? एकदा दिलं, दोनदा दिलं, तरी उतार पडेना. बाईंनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात वाफेच्या यंत्रावर बसवल्यानंतर दोन तासांनी तिचे ओठ पुन्हा लाल झाले. आई तिच्या उशाशी बसून आपल्याच हातांकडे बघत होती, जणू ते कुणा परक्याचे आहेत.

त्या संध्याकाळी घरात खडाजंगी झाली.

"बास झालं," बाबा म्हणाले. "तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ देतोय. गुण शून्य. उगाच लेकरावर औषधांचा मारा कशाला?"

"मी पहिल्यापासून सांगत्येय," आजी म्हणाली. "सवय लागेल तिला. बंद करा तो भोंगा."

आई नेहमी उत्तर देते. त्या दिवशी तिने कॅलेंडरवरची टिंबं पुन्हा एकदा बोटाने मोजली. मग म्हणाली, "उद्या डॉक्टरांना एकदा विचारते. ते म्हणाले तर करू बंद."

मी ओट्याशेजारी पडून ऐकत होते. औषध चांगलं होतं, आई चांगली होती, आणि ती दोघं एकमेकांपर्यंत पोहोचत नव्हती, कारण मधे मी होते. ते औषध बंद झालं असतं तर पुढच्या वेळी काय झालं असतं, ते मी दुपारी जवळून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांच्या आधी एका वयस्क नर्सबाईंनी आईला समोर बसवलं. "घरी कसं देता ते जरा करून दाखवा," त्या म्हणाल्या.

"मला येतं," आई म्हणाली. रात्रभर रडलेला आवाज होता.

"येतंच हो. माझ्या समाधानासाठी."

आईने पंप काढला, मला काढलं आणि सवयीप्रमाणे पर्समधलं मऊ फडकं काढून मला आतून-बाहेरून पुसायला लागली.

"थांबा थांबा. हे काय करताय?"

"पुसतेय. स्वच्छ असायला नको?"

"रोज पुसता?"

"रोज दोनदा," आई जरा अभिमानानेच म्हणाली.

नर्सबाईंनी मला तिच्या हातून घेतलं, पंप बसवला, एकदा दाबला आणि मला खिडकीच्या उजेडात धरलं. "आता बघा. धुकं कुठे जातंय?"

ते माझ्या भिंतींकडे पळत होतं. आईने पाहिलं. मित्रांनो, पावणेदोनशे वेळा मी जे ओरडून सांगायला पाहिलं होतं, ते तिला एका क्षणात दिसलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, न कळतं तर बरं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "मीच तिला..."

"तुम्ही औषध देत होतात बाई. ते वाटेत अडकत होतं. साबणाच्या पाण्यात बुडवायची, निथळत ठेवायची, आणि हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा पुरे. ठिपके पडतात ते पडू देत. ठिपक्यांनी कुणाला दम लागत नाही."

घरी आल्यावर आईने घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली, की मला कुणी पुसायचं नाही. मी ठिपक्यांनी भरून गेले. आजी म्हणायची, "चष्मेवाल्याच्या घरात हे ध्यान!" आई मला बघून हात पाठीमागे बांधून उभी राहायची, इतकी तिला पुसायची ऊर्मी यायची. पण महिना-दीड महिन्यात पहाटेचा खोकला विरळ झाला. मग एकदा भिंगरी न बसता जिना चढली आणि वर जाऊन ओरडली, "आई, तू हळू का चालतेस?" आई मधल्या पायरीवर बसून रडली. औषध बंद करायचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तेव्हापासून दीड वर्ष लोटलं आहे. भिंगरी आता पाच वर्षांची होईल. तिचा चेहरा वाढला, माझा मुखवटा तेवढाच राहिला. तिची हनुवटी आता माझ्यात मावत नाही. श्वास घेताना खालून फट पडते, तिथून वारा आत येतो आणि औषध बाहेर जातं. झडपही कडक झाली आहे. टिक् आता दमल्यासारखं वाजतं.

आईला हे दिसत नाही. तिला वाटतं, चूक सापडली, सुधारली, आता चिंता नाही. ती मला तळहातावरच्या फोडासारखं जपते. पाहुण्यांना दाखवते, "हिनेच वाचवलं आम्हाला."

गेले चार दिवस भिंगरी सांगते आहे, "आई, हनुवटीला गार वारं लागतं."

"नीट धर बघू."

"नीटच धरलंय. तरी लागतं."

"निमित्तं काढायला शिकली हं ही," बाबा हसून म्हणाले. आईने मुखवटा आणखी घट्ट दाबला. भिंगरीच्या नाकावर लाल वण उठला, आणि खालची फट होती तिथेच राहिली. आज सकाळी जिन्यावर ती पुन्हा मधल्या पायरीशी थांबली. क्षणभरच. कुणाचं लक्ष गेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, की आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. माझी विनवणी उलटी आहे. मला टाका. माझी वेळ झाली. तिच्या चेहऱ्याला बसेल अशी नवी नळी आणा, आणि दवाखान्यात जाताना ती सोबत न्या, म्हणजे कुणीतरी उजेडात धरून पाहील.

आणि तुमच्यापैकी कुणी रोज असं औषध घेत असेल, तर ऐका. हनुवटीला वारं लागलं, घशाला काही वेगळं वाटलं, जिन्यावर पाय थांबले, तर सांगा. मोठी माणसं निमित्त म्हणतील, तरी सांगा. चार दिवस सांगून ऐकलं नाही तर पाचव्या दिवशी सांगा. त्यांचं तुमच्यावर फार प्रेम असतं, म्हणूनच त्यांना कधीकधी ऐकू येत नाही.

आता संध्याकाळ झाली आहे. आई पंप हलवते आहे. भिंगरी माझ्याकडे बघते आहे, आणि काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आहे. बोल पोरी. तुला बोलता येतं.