थोरल्याची साक्ष

शमुवेलने माइक हातात घेतला, तसा राजेंद्रने हार्मोनियमचा भाता बंद केला आणि जरा जोरातच केला. पहिल्या बाकावरच्या नंदाबाईंनी वळून पाहिलं. राजेंद्र खटका नीट बसला का ते बघू लागला.

"मी या गावात टॅक्सी चालवत होतो," शमुवेल म्हणाला, "आणि मला दारू चालवत होती."

झालं. हे वाक्य आलं की नंदाबाईंचा पदर डोळ्यांना लागायचा, आजही लागला. दोन वर्षांत राजेंद्रला हे सगळं तोंडपाठ झालं होतं. टायगर पॉइंटच्या वळणावर उलटलेली गाडी, बायकोच्या विकलेल्या बांगड्या, गटारात पडलेला असताना कानावर आलेलं उपासनेचं गीत. इथे शमू थांबायचा, घसा साफ करायचा, आणि लोणावळ्यातल्या त्या छोट्या चर्चमधली साठ-सत्तर माणसं एका दमात "स्तुती असो" म्हणायची.

राजेंद्र जळायचा. उगाच दुसरा शब्द कशाला वापरायचा? धाकट्या भावाची दारू सुटली याचा त्याला आनंद होता, खराच होता. पण शमूच्या हातात माइक आला की तो आनंद कुठे जायचा कोण जाणे. दर रविवारी चर्चचं कुलूप उघडायचा तो राजेंद्र. बाकं पुसायचा तो राजेंद्र. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना सहा वर्षं अंघोळ घातली तीही राजेंद्रने. तेव्हा शमू कुठे होता? गटारात. आणि आता मंडळीला ते गटार ऐकायचं होतं, अंघोळ कोणालाच ऐकायची नव्हती. नंदाबाई शमूसाठी डब्यातून करंज्या आणायच्या. राजेंद्रला त्या आजवर एवढंच म्हणाल्या होत्या, "पंखा वाढव रे."

एकदा त्यानेही साक्ष दिली होती. लहानपणापासून प्रभूने मला सांभाळलं, असं म्हणाला होता. लोकांनी घड्याळं पाहिली.

आज पाळकसाहेब उधळ्या पुत्रावर बोलले होते. बापाने कसं धावत जाऊन त्याला मिठी मारली, कशी मेजवानी दिली. शेतातून दमून आलेला थोरला दाराबाहेर रुसून उभा राहिला, त्याला पाळकसाहेबांनी दीड मिनिट दिलं होतं, तेही बोल लावायला.

"आणखी कोणाला साक्ष द्यायची आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

राजेंद्र उभा राहिला. त्याच्या बायकोने, माधवीने, बायकांच्या बाकावरून डोळे मोठे करून त्याच्याकडे पाहिलं. माइक हातात आला तरी काय बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. मग समोरच्या मेजावर प्रभुभोजनाचा स्टीलचा पेला दिसला.

"पूर्वी आपल्याकडे चांदीचा पेला होता," तो म्हणाला. "सव्वीस वर्षांपूर्वी तो चोरीला गेला. झाडलोट करणाऱ्या धोंडाबाईंवर आळ आला, त्यांचं काम गेलं. तो पेला मी नेला होता."

त्याने त्या पेल्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तो कोणी नेला हे कधी कळलंच नव्हतं, म्हणून तर ती चोरी इतकी वर्षं बेवारस पडून होती. कोणीही उचलावी आणि आपली म्हणावी.

चर्चमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. राजेंद्र पुढे बोलत गेला. चोरल्यावर झोप कशी लागेना, प्रार्थना कशी होईना, हे सगळं त्याला आपसूक सुचत गेलं. शेवटी त्याला रडू आलं आणि ते रडू खरं होतं. एवढी माणसं एकदम त्याच्याकडे कधी बघत नव्हती. उपासना सुटल्यावर तीन म्हाताऱ्यांनी त्याला पोटाशी धरलं. नंदाबाईंनी करंज्यांचा डबा त्याच्या हातात दिला आणि गालावरून हात फिरवला. त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली, पण डबा त्याने परत केला नाही.

"अहो, हे खरंय?" पायऱ्यांवर माधवीने हळूच विचारलं.

"घरी बोलू."

गर्दीत शमू कुठे दिसत नव्हता. तो मागच्या बाजूला, आपल्या गाडीला टेकून उभा होता. चेहरा उतरलेला.

"दादा, तुला केव्हापासून माहीत होतं?"

"काय?"

"पेला मी नेला ते."

राजेंद्रच्या हातातला डबा कलंडला. त्याने तो सावरला.

"पंधरा वर्षांचा होतो मी," शमू म्हणाला. "खोपोलीला जाऊन विकला. दोन वर्षं इथे उभा राहून सगळं सांगितलं, तेवढं एक तोंडातून निघत नव्हतं. आणि तू ते आपल्या डोक्यावर घेतलंस. सगळ्यांसमोर. आपल्याऐवजी दुसरा कोणी उभा राहतो म्हणजे काय, हे मी नुसतं ऐकत आलो होतो रे. आज पाहिलं."

खरं काय ते राजेंद्रच्या ओठांवर आलं होतं. पण शमूने त्याला मिठी मारली, आणि तो भावाच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिला. एवढं करून पाप उचललं, तर तेही शमूचंच निघालं. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते हेच.

"चल, धोंडाबाईमावशीकडे जाऊ. आत्ता," शमू म्हणाला. "पुढच्या रविवारी मी सगळ्यांना सांगतो माझा भाऊ कसा आहे ते."

माधवीला घरी सोडून ते निघाले. पुढच्या रविवारी माइक पुन्हा शमूच्याच हातात असणार होता, पण गोष्ट राजेंद्रची असणार होती. विचार करता करता त्याला ते आवडू लागलं. कामशेत मागे पडलं, गाडी कान्हे फाट्याला वळली, तोवर त्याने गप्प राहायचं ठरवून टाकलं होतं.

धोंडाबाई अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. पार थकल्या होत्या, पण नजर शाबूत होती. शमू सरळ त्यांच्या पायाशी बसला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. पेला, खोपोली, सगळं. धोंडाबाईंचा हात तांदळात फिरत राहिला.

"तवा तुला मिसरूड बी फुटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पोरांचे हात लागत्यात. आलास, बोललास, झालं. माज्या मनात काय न्हाई." मग त्यांनी मान वर केली. "आन् ह्यो कशापायी आलाय?"

"दादाने आज माझं पाप स्वतःवर घेतलं, मावशी. सगळ्या मंडळीसमोर."

"व्हय? मंग सोताचं कुटं ठिवलं?"

शमूला कळलं नाही. तो भावाकडे बघू लागला.

"चर्चचं पंच बसलं व्हतं," धोंडाबाई म्हणाल्या. "कुनालाच काय ठावं नव्हतं. मंग ह्यो उटला. म्हनला, धोंडाबाईला पदराखाली कायतरी झाकून नेताना बगितलं मी. समदी ह्याच्याकडं बगाया लागली. माज्या पदराखाली तुमच्या आयनं दिलेल्या दोन भाकरी व्हत्या. ती देत व्हती तवा ह्यो तितंच चुलीम्होरं बसला व्हता."

राजेंद्रला आठवायला वेळ लागला नाही. कोपऱ्यात बसलेला एकोणीस वर्षांचा तो, आणि तो बोलल्याबरोबर वळलेले सगळे चेहरे. एका पंचाने "शाबास" म्हणून त्याच्या पाठीवर ठेवलेला हातसुद्धा त्याला आठवला. किती बरं वाटलं होतं तेव्हा. आज सकाळी वाटलं अगदी तसंच. इतकी वर्षं तो 'धोंडाबाईंवर आळ आला' असंच म्हणत होता, जणू आळ आपल्या पायांनी चालत येतो.

"पेला कुनी नेला, त्याचं मला काय करायचंय?" धोंडाबाई म्हणाल्या. "माजं नाव तू घेतलंस. त्ये सांगितलंस का तितं, तुज्या लोकांफुडं?"

राजेंद्रने मान हलवली. नाही.

शमू उठला, पँटची धूळ झटकली. भावाकडे न बघताच तो म्हणाला, "मी गाडीत बसतो, दादा. तुम्ही बोला. आणि रविवारी... रविवारी मी काही बोलत नाही. तुला वाटलं तर तू बोल."

"तितलं तितं," धोंडाबाई म्हणाल्या. "हितं कोन बोलनार?"

शमू चार पावलं गेलाही. आता राजेंद्रला मावशीपुरतं बोलून भागवता आलं असतं. सकाळचं झाकून राहिलं असतं, आणि शमूने आयुष्यभर निदान तेवढ्यापुरता तरी त्याला मोठा मानला असता. तो शमूच्या पाठीकडे बघत राहिला.

"शमू, थांब," तो म्हणाला. "सकाळी मी का उभा राहिलो, तेही सांगायचंय. ते तुला."

मग तो खाली मातीत बसला. धोंडाबाईंनी सूप मांडीवरून उतरवून बाजूला ठेवलं, आणि म्हणाल्या, "बोल."