डोळे न हलवता

डावीकडून आलेला चेंडू सोमनाथच्या कानशिलावर आदळला आणि उसळून कुंपणाच्या बाभळीत अडकला.

"पप्पा, झोपलात काय उभ्या उभ्या?" सई खिदळली.

तोही हसला. कान चोळत चेंडू आणायला निघाला. पण पाऊल टाकण्याआधी त्याने मान पूर्ण डावीकडे वळवली, मग उजवीकडे. बजाजनगरातल्या घरामागच्या त्या मोकळ्या प्लॉटवर त्या दोघांशिवाय कुणीच नव्हतं. चेंडू भडक नारिंगी होता. ऊन अजून पाण्याच्या टाकीवर होतं. न दिसण्याचं काही कारण नव्हतं.

मान वळवण्याची ही सवय फुटबॉलच्या मैदानावर त्याची ओळख झाली होती. पुणे, कोलकाता, शिलाँग, कोळिकोड. कुठे एक मोसम, कुठे दोन. मिडफिल्डर म्हणून तो बचावपटूकडून चेंडू घ्यायचा आणि मोकळ्या माणसाला द्यायचा. त्याचं नाव लोकांच्या लक्षात राहत नसे, पण संघाला तो लागत असे. यंदा तेहतिसाव्या वर्षी कुणाचंच बोलावणं नव्हतं, आणि अचानक गोव्यातल्या एका क्लबच्या कोचने त्याचे जुने सामने पाहिले. चेंडू पायाशी येण्याआधी हा माणूस दोन्ही खांद्यांवरून मागे बघतो, पोरांसमोर मला असाच माणूस हवा, असा त्याचा निरोप एजंट अमेयने फोनवर सांगितला, तेव्हा सोमनाथने स्पीकर चालू करून तो घरभर ऐकवला होता.

एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. पूर्वी तो इतकी मान वळवत नसे. त्याला गरजच पडत नसे.

आज दुपारी अमेयचा पुन्हा फोन आला होता. "परवा मेडिकल आहे, भाऊ. गुडघे, हृदय, आणि हो, डोळेपण. नवीन डॉक्टर जरा काटेकोर आहे. बाकी काळजी नको."

त्यानंतर सोमनाथला जेवण गेलं नव्हतं.

चेंडू सईकडे टाकून तो आत आला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्याची बायको चारुता उभी होती. ती कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. तिच्या हातात स्टीलचा चमचा होता आणि ती काहीच ढवळत नव्हती.

"बसा इथे," ती म्हणाली.

"काय झालं?"

"काल चिकलठाण्याला टेम्पो आपल्या गाडीला डावीकडून घासून गेला. सई किंचाळली तेव्हा तुम्ही बघितलं. आणि आत्ता हा चेंडू."

"जालना रोडला ट्रॅफिकच तसलं आहे."

"बसा."

तो खुर्चीवर बसला. ती समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. "माझ्या नाकाकडे बघा. बाजूने चमचा आणते. दिसला की सांगा."

"दिसला."

"डोळे हलवले तुम्ही."

"नाय हलवले."

"सोमनाथ."

घरात ती त्याला नावाने हाक मारत नसे. तिने हात खाली घेतला. "परत. फक्त नाकाकडे."

तो बघत राहिला. नाक, बारीक टिकली, मागच्या भिंतीवरचा तेलाचा डाग. त्याच्या पलीकडे अंधार नव्हता. अंधार असता तर निदान तो दिसला असता. तिथे काहीच नव्हतं.

"कर ना सुरू," तो म्हणाला.

चारुता हळू आवाजात म्हणाली, "केलंय. चमचा माझ्या खांद्यासमोर आहे."

त्याने मान वळवली. चमचा तिथेच होता.

"परवापर्यंत कुणाला सांगू नको," तो म्हणाला.

"त्या डॉक्टरला काय चमचा लागणार आहे? मशीन असतं त्यांच्याकडे."

"मला बी आसंच व्हतं," आतल्या दारातून आवाज आला.

आबा उभे होते. सोमनाथचे वडील पुंजाराम वाळूजच्या एका कारखान्यात आयुष्यभर पत्रे कापायच्या प्रेस मशीनवर होते. डाव्या हाताची दोन बोटं प्रेसनं नेली होती. उरलेल्या बोटांनी त्यांनी चौकट धरली होती. अलीकडे ते घरातही भिंतीला हात लावूनच चालायचे. चष्म्याचा नंबर वाढला, असं सांगायचे.

"बोटं गेली तवा सुपरवायझर म्हनला, ध्यान कुठं व्हतं तुझं? म्या म्हनलं, सायब, हात दिसलाच नाय. समदे हसले. सोताचा हात दिसला नाय म्हनतो."

"आबा, मला का नाय सांगितलं कधी?"

"तू खेळत व्हतास की," आबा म्हणाले. "पेपरात फोटू यायचा तुझा. मला वाटलं, माझ्यापाशीच ऱ्हायलं ते."

चारुताने चमचा ओट्यावर ठेवला. मग पुन्हा उचलला. बाहेर भिंतीवर चेंडू आपटत होता.

आवाज थांबला. सई चेंडू काखेत घेऊन दाराशी आली. उंबरा ओलांडण्याआधी तिने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. सोमनाथ मैदानात वळवायचा तशीच. हे आपण तिला शिकवलं होतं का, हे सोमनाथ आठवू लागला. त्याला आठवेना.

"सई," चारुता म्हणाली, "एक खेळ खेळायचा?"

"चमच्याचा ना? खिडकीतून बघितला मी. पप्पा हरले." ती खुर्चीवर चढून बसली. "मी जिंकले तर कुल्फी."

"दोन कुल्फ्या," आबा म्हणाले.

सोमनाथ तिच्यासमोर बसला. चारुता तिच्या मागे उभी राहिली.

"माझ्या नाकाकडे बघ," तो म्हणाला.

सईने ओठ घट्ट मिटले. चमचा तिच्या वेणीमागून निघाला आणि डाव्या कानाच्या बाजूने अगदी सावकाश पुढे येऊ लागला. सोमनाथला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"दिसला!" सई ओरडली.

चारुताने डोळे मिटून घेतले आणि सुस्कारा सोडला. "किती लवकर दिसला, आबा, बघा." आबा चौकटीला टेकले आणि हसले.

तिच्यामागून त्या दोघांना तिचं तोंड दिसत नव्हतं. सोमनाथला दिसत होतं. ओरडण्याच्या क्षणभर आधी तिची बुबुळं डावीकडे जाऊन परत जागेवर आली होती, मैदानात तो मान वळवायचा तितक्याच झटक्यात.

खिशात फोन वाजू लागला. अमेय असणार. त्याने तो वाजू दिला.

"परत," तो म्हणाला.

चारुताचं हसू थांबलं.

"सई, डोळे हलवू नको, बाळा."

"नाय हलवले," सई म्हणाली.