नाव नसलेलं पहिलं पान

जर्नलच्या नियमांचा कागद मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला होता, येता-जाता नजर पडावी म्हणून. लेखाच्या तीन प्रती पाठवा. ओळींमध्ये मोकळं अंतर ठेवा. लेखकाचं नाव फक्त वेगळ्या कागदावर लिहा. लेखाच्या पानांवर लेखक कोण, कुठला, हे ओळखू येईल अशी एकही खूण नको. लेख ज्यांच्याकडे तपासायला जातो त्यांना लेखक कळूच द्यायचा नाही, अशी ती रीत. मला ती फार आवडली होती. बरकतपुऱ्यात राहणारी, कडेवर पोर घेऊन फिरणारी बाई त्यांना दिसणार नव्हती.

लेख किराणा दुकानांवर होता. बाजार खुला झाल्यापासून नव्या कंपन्यांचे साबण, वेफर्स दुकानांत घुसले होते. दुकानदार त्यांना समोरची फळी देतात की मागची, आणि का, हे मी वर्षभर बघत होते. माझ्या लहानग्या गौरीसाठी बिस्किटं घ्यायची आणि फळ्या बघत उभं राहायचं. पण हा लेख म्हणजे हौस नव्हती. बाळंतपणाआधी मी तारनाक्याच्या एका संस्थेत शिकवत होते. तिथली जागा आता कायमची भरली जाणार होती. विभागप्रमुख म्हणाले होते, "केतकी, निदान लेख स्वीकारल्याचं पत्र आण. त्याशिवाय मी कमिटीसमोर काय बोलू?" जर्नलचा याच विषयावरचा खास अंक निघणार होता, आणि आजची स्पीड पोस्ट चुकली की अंक चुकला.

सकाळी गौरीला आंघोळ घालून बाहेर आले तर टेबलावरच्या तिन्ही प्रती देवघरासमोर. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर वर निळ्या शाईत 'श्री रेणुकामाता प्रसन्न', आणि खाली हळदीकुंकवाची बोटं. सासूबाई उदबत्ती ओवाळत होत्या.

"आई, हे काय केलंत!"

"काय केलं? चांगल्या कामाचा कागद कोरा पाठवायली व्हय? लग्नाची पत्रिकासुद्धा कुंकू लावल्याशिवाय जात नाही आपल्यात."

"त्यावर खूण चालत नाही हो. कुणी लिहिलं ते कळता कामा नये."

"कळलं तर काय होतंय? चोरी केली का तू?"

मी बोटानं पुसून पाहिलं. कुंकू तेलकट होतं, आणखी पसरलं. आणि खरं सांगायचं तर दुसराच विचार आधी आला: मुद्दाम तर नाही ना? मला नोकरी लागली तर दिवसभर गौरीला त्यांनाच बघावं लागणार. त्या विषयावर त्या कधी हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही नाही. मी बोलायला सुरुवात केली की कुकरची शिटी नेमकी त्यांनाच ऐकू यायची.

माझा नवरा हर्षद ऑफिसला गेला होता. मी गौरीला उचललं, तिन्ही प्रती पिशवीत घेतल्या, लेखाची फ्लॉपी पर्समध्ये टाकली. चपला घालते तर सासूबाई साडीचा पदर खोचून दारात.

"मीबी येते. पोरीला घेऊन त्या कोठी बाजाराच्या गर्दीत कुठं फिरशील?"

रिक्षात गौरीनं पर्सचा बंद तोंडात घातला; मी काढला; तिनं परत घातला.

कोठीत पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत विजयचं टायपिंगचं दुकान. लेख त्यानंच छापून दिला होता. तो बाहेर स्टुलावर बसून वारा घेत होता. तेव्हाच कळलं.

"करंट गया मॅडम. कब आता, मालूम नै."

माझा चेहरा आणि कुंकवानं माखलेली पहिली पानं बघून तो उठला. "परेशान नक्को होव. एकच पान ना?" कोपऱ्यातल्या जुन्या टाइपरायटरवरचं कापड त्यानं ओढलं. "कार्बन लावतो, तीन निघतील."

"नको. कार्बनची प्रत पुसट येते. तीनदा मारा."

"तीनदा?" त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मार बाबा. तिच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं."

मी वाचत होते, तो टायप करत होता. पान भरत आलं तसं लक्षात आलं की टाइपरायटरचं अक्षर मोठं आहे. दुसरं पान अर्ध्या वाक्यापासून सुरू होत होतं, आणि त्या वाक्याचा आधीचा भाग पहिल्या पानावर मावणार नव्हता. दोन ओळी कापायला हव्या होत्या. पोस्टाची वेळ डोक्यात वाजत होती. गौरी रडायला लागली. कुठली ओळ? प्रत्येक ओळ मी चार-चार वेळा लिहिलेली.

"अडलं कुठं?" सासूबाईंनी गौरीला खांद्यावर घेतलं.

"काहीतरी काढायला पाहिजे."

"सुरुवातीला काय लिहिलंय?"

मी इंग्रजीचं मराठी करून सांगितलं: "आज संपूर्ण जग एका नव्या आर्थिक पर्वाच्या उंबरठ्यावर..."

"दुकानाचं कधी येतंय?"

"तिसऱ्या ओळीत."

मी कागदाकडे परत पाहिलं. मग विजयला म्हणाले, "पहिल्या दोन ओळी सोडा. दुकानापासून सुरू करा."

त्यानं नवा कागद चढवला आणि मारू लागला. खट्खट् आवाजानं गौरी थबकली, बघत राहिली. मला राहवलं नाही.

"आई, तुम्ही हे मुद्दाम नाही ना केलं?"

त्या इतक्या जोरात हसल्या की विजयचं बोट चुकलं आणि तो कागद बदलावा लागला. "मुद्दाम करायचं असतं तर कागद हिच्या हातात दिले असते. अर्ध्या तासात खाऊन टाकले असते हिनं. तुला संशय यायलाय, तोंडावर दिसतंय सकाळपासून."

मी मान खाली घातली.

"मला भीती वाटायली, ते खरं," त्या हळू म्हणाल्या. "तू गेल्यावर ही पडली, काही गिळलं, तर तू मला काय म्हणशील? तू तर ही झोपली तरी नाकाजवळ हात धरून बघतेस."

मला वाटायचं ते कुणाला दिसत नाही.

तिन्ही पानं झाली. बाकीच्या छपाईपेक्षा वेगळी दिसत होती, काळी, ठसठशीत. मी प्रत्येक पान उजेडात धरून तपासलं, मागूनही. पोस्टात पोचलो तेव्हा खिडकीतला माणूस पावतीपुस्तक मिटत होता.

"लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव नाही, अम्मा."

मी दचकले. नाव नको, नाव नको हे डोक्यात इतकं भिनलं होतं की लिफाफ्यावरही लिहिलं नव्हतं. तिथं लिहायला हरकत नव्हती. लिफाफा संपादकांकडेच राहणार. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. त्यानं शिक्का मारला, लिफाफा मागच्या पोत्यात टाकला. पोत्याचं तोंड बांधेपर्यंत मी खिडकीशी उभी राहिले.

"आता?" सासूबाईंनी विचारलं.

"आता वाट बघायची. नाही म्हणतील कदाचित."

"हो म्हणाले तर?" त्यांनी गौरीची मूठ उघडून आत काय आहे ते पाहिलं. काही नव्हतं. "हो म्हणाले तर आधी एक आठवडा तू घरात बसून बघ, मी हिला कशी सांभाळते. काय चुकलं ते तिथंच सांग. नंतर संध्याकाळी येऊन सांगायचं नाही."

"एक आठवडा पुरेल?"

"तुला नाही पुरायचा," त्या म्हणाल्या, आणि रिक्षाला हात केला.